टळलेल्या गुन्ह्याचं नाव

पुण्याहून कुणी डॉक्टरीणबाई येणार असा निरोप आला, तेव्हा प्रयागताई खटिंग यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजारी कोण आहे?"

"आकड्यांच्या डॉक्टर आहेत त्या," जब्बारचाचा म्हणाले. "अनुदान मंडळाच्या. आपलं केंद्र तपासायला येतायत."

"मग आजारी आपणच," असं म्हणून प्रयागताईंनी खराटा उचलला आणि अंगण झाडायला घेतलं.

सोनखांब हे गोदावरीकाठचं तालुक्याचं गाव. तिथं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं दोन खोल्यांत सलोखा केंद्र चालायचं. प्रयागताई पोलिसात तीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या, आणि जब्बारचाचा तालुका कोर्टातले पुकारा करणारे शिपाई. "अमुक तमुक हाजिर हो" ही आरोळी त्यांनी बत्तीस वर्षं मारली होती. अजूनही त्यांनी चहा सांगितला तर मोंढ्याच्या पार टोकाला ऐकू जायचा.

केंद्राचं काम ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण. कुणाच्या डोक्यात खून चढला, की त्याची बहीण, दोस्त, कधी तो स्वतःच इथं यायचा. हातात काय असेल ते कपाटात ठेवायचं, सतरंजीवर बसायचं आणि चहा घ्यायचा. मग तो बोलेस्तोवर कुणी बोलायचं नाही. हा बोलता झाला की केंद्राची माणसं समोरच्या घरी जायची, आणि दोन्ही घरांमध्ये एखादं कामाचं वाक्य ये-जा करायला लागेपर्यंत तिथून हलायची नाहीत. माफीबिफी कुणी मागत नसे. "टँकर उद्या सकाळी येणारे" एवढं वाक्य या घरातून त्या घरात गेलं तरी प्रयागताई खूश व्हायच्या.

आणि आलेल्या माणसाला नाव कधीच विचारायचं नाही. नोंदवहीत फक्त तारीख आणि "पाहुणा, एक". हा नियम जब्बारचाचांचा. ते म्हणायचे, "मी बत्तीस वर्षं नावं पुकारली. माणूस बाइज्जत सुटला तरी गाव त्याला त्या पुकाऱ्यावरनंच ओळखायचं. पोरींची लग्नं अडायची, बेटी."

डॉ. श्रावणी लोहोकरे आल्या त्या विजेवर चालणाऱ्या एसटीनं, पाठीवर पिशवी, चाळिशीच्या, चष्म्याच्या काचेवर इथली धूळ. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर नकाशा उमटवला. राज्यभर तांबडे ठिपके होते, आणि मराठवाड्यात एका जागी कुणी बोटानं पुसल्यासारखी पांढरी जागा.

"हे सोनखांब," त्या म्हणाल्या. "या भोकासाठी मी शंभर कोसांवरून आलेय, प्रयागताई. इथं काय चाललंय तेवढं मला सांगा."

"आधी हे ठिपके कसले ते तर सांगा."

मग डॉक्टरांनी सांगितलं, आणि छान सांगितलं. त्यांचा शोध असा होता, की मारामारी साथीसारखी पसरते. एकाचं डोकं फुटलं की दीड वर्षाच्या आत त्याच्या नात्यागोत्यात दुसरं फुटतं, मग तिसरं. एकेक कडी जोडत साखळी होते. हे पूर्वीही लोकांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी पुढचं शोधलं: पहिला घाव बसण्याच्या कितीतरी आधी दोन घरांमध्ये अबोला पडतो, आणि त्या अबोल्याला आकार असतो. आधी त्या दोघांचे फोन थांबतात, मग बायकांचे, मग पोरांचे. एक घर दुसऱ्याच्या लग्नाला आहेर पाठवत नाही. बाजाराला जायची वाट बदलते. २०४३ साली या सगळ्याच्या खुणा फोनमध्ये, तिकिटांत, पैसे पाठवण्यात कुठं ना कुठं उमटतच होत्या. 'कडी' नावाचं त्यांचं यंत्र त्या खुणा वाचायचं. कोण काय बोललं ते त्याला कळत नसे, कुणाचं नाव कळत नसे, घरांना नुसते सांकेतिक क्रमांक होते. दोन क्रमांकांमधला धागा विशिष्ट तऱ्हेनं सुकत गेला, की शंभरातल्या बासष्ट ठिकाणी दीड वर्षात रक्त सांडायचं.

"अबोला दिसतो तुमच्या यंत्राला?" प्रयागताईंना खरंच कौतुक वाटलं. "माझ्या सासूला एका घरात राहून दिसत नव्हता."

"सोनखांबमध्ये तीन वर्षांत असे त्रेचाळीस अबोले पडले. सत्तावीस ठिकाणी घाव व्हायला हवे होते. झाले चार." डॉक्टरांनी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आधी वाटलं, इथले पोलीस गुन्हे नोंदवत नसतील. मग दवाखान्याच्या नोंदी बघितल्या. खरंच कुणाला लागलेलं नाही. सबंध राज्यात असं दुसरं गाव नाही, ताई. तुम्ही दोघांनी जे केलंय ते मी वीस वर्षं गणितात शोधत होते."

जब्बारचाचांनी खूश होऊन आणखी एक चहा सांगितला. पलीकडच्या आडतीतला मुनीम दचकून उठला.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. मोंढ्यातला हमाल, पाठीवर पोत्यांचे वळ. त्याचं नाव इथंही नको. कमरेची पोती उचलायची लोखंडी आकडी त्यानं काढून जब्बारचाचांच्या हातात दिली आणि सतरंजीवर भिंतीकडं तोंड करून बसला. प्रयागताई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. डॉक्टर कोपऱ्यात उभ्या होत्या त्या तिथंच खाली टेकल्या. तीन तास गेले. त्यातले पहिले दोन तास कुणीच काही बोललं नाही. तिसऱ्या तासाला हमाल म्हणाला, "शेजारी पानी भरू देत नाही. मही माय गेली तरी नळाची तोटी काढून नेली त्यानं." आणि ढसाढसा रडला. प्रयागताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. संध्याकाळी केंद्रातला एक माणूस त्या शेजाऱ्याच्या घरी गेला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे यंत्रात कसं घालू मी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आता खरी गाठ पुढंच होती. आजवर मंडळ प्रत्येक तालुक्याला सारखंच अनुदान द्यायचं. एक एप्रिलपासून नवे नियम लागू होणार होते: जेवढ्या कड्या तुटल्या तेवढं अनुदान. आणि नियम सात असा, की तुटलेल्या प्रत्येक कडीसाठी जो गुन्हा करणार होता त्याचं नाव कळवायचं. मंडळ त्या नावाची पडताळणी करणार. शिवाय ज्याचा जीव वाचला त्याला ते कळण्याचा हक्क आहे म्हणून त्याला पत्र जाणार.

"दहा नावं द्या," डॉक्टर म्हणाल्या. "वहीत नसली तरी तुमच्या डोक्यात आहेत, मला माहितेय. दहा नावं आली की सोनखांबला राज्यात सगळ्यात जास्त अनुदान."

"आणि नाही दिली तर?"

"शून्य. एकतीस मार्चला केंद्र बंद."

"हा नियम कुणा शहाण्यानं केला?"

डॉक्टर ओशाळल्या. "मी केला. एका तालुक्यानं एका महिन्यात दोनशे गुन्हे टाळल्याचं कळवलं होतं, ताई. ज्यांना वाचवलं म्हणून यादी दिली, त्यातले अकरा जण आधीच वारलेले होते. काहीतरी पुरावा मागायलाच हवा होता. आणि नावं अगदी गोपनीय राहतील."

"बाई, मी तीस वर्षं ठाण्यात काढली," प्रयागताई म्हणाल्या. "गोपनीय म्हणजे जे चहावाल्याला दुपारपर्यंत कळतं ते. पण ते जाऊ द्या. हा आत्ता गेला तो हमाल. त्याच्या शेजाऱ्याला उद्या सरकारी पत्र आलं, की तुमच्या शेजाऱ्यानं तुमच्यासाठी आकडी काढली होती. तो शेजारी काय करील? पेढे वाटील?"

डॉक्टरीणबाई हुशार होती आणि प्रामाणिकही. चूक दिसल्यावर त्यांनी उगीच वाद घातला नाही. "ती विझलेली कडी पुन्हा पेटेल," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. पण मंडळ माझ्या म्हणण्यावर नियम बदलणार नाही. ते विचारतील, आकडा कुठाय? पत्रानं माणूस किती तापतो याची एकही नोंद नाही, कारण अजून एकही पत्र गेलेलं नाही. एक तरी खरी नोंद असती तर यंत्र बाकीचं गणित मांडू शकलं असतं. कुणाला तरी खरंखुरं पत्र पाठवायला हवं, आणि तसं करायला सांगण्याचं धाडस मला नाही."

प्रयागताई उठल्या, आत गेल्या, पाणी प्यायल्या. परत आल्या तेव्हा जब्बारचाचांना त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते कळलं. "नको बेटी," ते म्हणाले. "ते नको."

"लिहा बाई," प्रयागताई म्हणाल्या. "प्रयाग माणिकराव खटिंग. वय अठ्ठावन्न. जिवे मारणार होते माझ्या जावयाला, उद्धव दुधाटे यांना. साक्षीदार, जब्बार शेख."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रयागताईंची एकुलती एक लेक शिवकन्या. एका लग्नाहून परतताना उद्धव दारू पिऊन मोटारसायकल चालवत होता. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. त्याला खरचटलं, शिवकन्या जागच्या जागी गेली. घरी वर्षाची ओवी होती. पुढं कोर्टात तारीख लागली, त्या दिवशी प्रयागताई साध्या साडीत वऱ्हांड्यात येऊन बसल्या. मांडीवरच्या पिशवीत विळा होता. आरोपीच्या नावाचा पुकारा झाला की तो उठून समोरून जाईल, तेव्हा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण पुकारा झालाच नाही. जब्बारचाचांनी आयुष्यात हजारो पिशव्या बघितल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी पुढची सगळी नावं पुकारली आणि उद्धवचं तेवढं गाळलं. साहेबांना सांगितलं, आरोपी आलेला नाही. मग येऊन प्रयागताईंच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ." नोकरीतलं ते त्यांचं एकमेव खोटं. केंद्राची पहिली पाहुणी म्हणजे प्रयागताईच.

पुढं उद्धवला शिक्षा झाली, ती भोगून तो आला, दारू सोडली, भाड्याचा टेम्पो चालवायला लागला. ओवीला त्यानंच वाढवलं. दर रविवारी तो तिला आजीकडं आणायचा, जेवायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. हे कुठल्या कागदावर नव्हतं, त्याच्या मनावर होतं. त्यानं आणलं नाही तर प्रयागताईंना नात दिसायची नाही. आठवड्याचे सहा दिवस त्या दुसऱ्यांच्या रागावर फुंकर घालायच्या, आणि सातव्या दिवशी ओवीच्या वेण्या घालायच्या. एवढंच त्यांचं जगणं होतं, आणि तेच त्या आता मंडळाच्या पाकिटात घालून पाठवत होत्या.

"आधी त्याला जाऊन सांगा तरी," जब्बारचाचा काकुळतीला आले.

"हमालाच्या शेजाऱ्याला आधी कोण सांगायला जाणारे? पत्र जसं इतरांना जाईल तसंच जाऊ द्या. नाहीतर बाईंचा आकडा खोटा पडायचा."

"ताई, परत एकदा विचार करा," सगळी हकीकत ऐकलेल्या डॉक्टर म्हणाल्या. "रविवार जाईल तुमचा."

"माहितेय मला. लिहा म्हटलं ना."

पत्र असं होतं: "आपणांस कळविण्यात येते की, आपल्या जीवितास धोका असलेला एक संभाव्य गुन्हा सलोखा केंद्र, सोनखांब यांच्या प्रयत्नाने टळलेला आहे. संभाव्य कर्ता: श्रीमती प्रयाग माणिकराव खटिंग. नाते: सासू. सबब आपण निश्चिंत असावे."

पत्र गुरुवारी पोचलं. त्या रविवारी प्रयागताईंनी ओवीच्या आवडीची धपाटी केली आणि दारात उभ्या राहिल्या. टेम्पो आला नाही. फोन केला, तो कुणी उचलला नाही. दुसऱ्या रविवारी फोनच बंद लागला. ओवीची शाळेला जायची वाटही बदलली, आजीच्या गल्लीवरून जाणारी वाट सोडून ती नदीकडून जायला लागली. तिसऱ्या रविवारी प्रयागताईंनी धपाटी केली नाहीत. केंद्रात येऊन बसल्या आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. जब्बारचाचांनीही चहा हळू आवाजात सांगितला.

तिकडं डॉक्टरांच्या यंत्रात, प्रयागताईंच्या परवानगीनं त्यांच्या घराचा म्हणून खुणावलेला, नऊ वर्षं हिरवा असलेला एक धागा तीन आठवड्यांत सुकून तांबडा झाला होता. पत्र माणसाला किती तापवतं याचा आकडा आता हातात होता. तो घेऊन यंत्रानं सोनखांबच्या घाव न झालेल्या एकोणचाळीस अबोल्यांचं गणित मांडलं: पत्रं गेली तर एकोणतीस कड्या पुन्हा पेटतील. म्हणजे मुळात व्हायचे होते त्यापेक्षाही दोन जास्त घाव.

मंडळाच्या बैठकीत एक साहेब म्हणालेच, "एका माणसावरून एवढा निष्कर्ष? हा काय पुरावा झाला?"

"बरोबर आहे, साहेब," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा पुरावा हवा असेल तर त्या एकोणचाळीस अबोल्यांची पत्रं पाठवूया. नावाची जागा कोरी ठेवून मी टाईप करून आणलीयेत. सही कोण करतंय?"

पत्रांचा गठ्ठा टेबलावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला आणि तसाच परत आला. नियम सात त्याच बैठकीत रद्द झाला. यापुढं सांकेतिक धागे पुन्हा हिरवे झाले की त्यावरच अनुदान, नावाचा रकाना काढून टाकायचा. डॉक्टरांनी बाहेर येऊन लगेच सोनखांबला फोन लावला.

"जिंकलात, ताई! सगळ्या राज्यात रद्द झाला. तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही हो."

"बरं झालं," प्रयागताई म्हणाल्या. "आता एक सांगा. तुमच्या यंत्रात माझा धागा अजून तांबडाच आहे का?"

"ताई, ते..." डॉक्टर म्हणाल्या. प्रयागताईंनीच "असू द्या, असू द्या" म्हणत फोन ठेवला.

चौथ्या रविवारी भर दुपारी उद्धव केंद्राच्या दारात उभा राहिला. डोळे तांबारलेले, हातात चुरगळलेलं पत्र. जब्बारचाचा पुढं झाले तर त्यानं त्यांना हातानं बाजूला केलं.

"मामी," तो म्हणाला; सासूला तो मामीच म्हणायचा. "एवढंच विचारायला आलोय. खरं आहे का हे?"

"हो," प्रयागताई म्हणाल्या.

त्याला वाटलं होतं त्या नाकारतील. हातातलं पत्र त्यानं आणखी चुरगळलं. मग एकदम ओरडला, "नऊ वर्षं तुमच्या हातची भाकर खाल्ली मी! दर रविवारी! कामून वाढली मग? ईख घालून मारायचं मला!"

"पहिली दोन वर्षं ओवीसाठी वाढली," प्रयागताई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "मनात शिव्या देत वाढली. पुढं हाताला सवय झाली. मग एका रविवारी तुम्हाला यायला उशीर झाला, अन् मला घोर लागला. पोरीचा लागला तसाच तुमचाही लागला. त्या दिवशी माझाच मला राग आला होता. पण खोटं कशाला सांगू, घोर लागला."

उद्धव मटकन खाली बसला. सतरंजीवर, भिंतीशी, तोंड ओंजळीत धरून. जब्बारचाचांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"त्या दिवशी मी समोरच्या बाकावर होतो," अखेर तो बोलला. "तुम्ही दिसल्या मला. म्हटलं, आता मामी उठतील. कायतरी करतील, मारून टाकतील, म्हंजी सुटंल मी एकदाचा. वाटच बघत होतो मामी. अन् चाचांनी तुम्हाला चहाला नेलं. इतका राग आला होता मला चाचांचा."

जब्बारचाचा तोंड फिरवून खिडकीकडं गेले आणि खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसायला लागले. प्रयागताई उद्धवच्या समोर खाली बसल्या. नऊ वर्षांत जे त्या कधी बोलल्या नव्हत्या ते त्यांनी सरळ बोलून टाकलं.

"तुम्ही दारू पिऊन गाडी चालवली. माझी लेक गेली. हे मी मरेस्तोवर विसरायची नाही."

"नका विसरू," उद्धव म्हणाला. "मला तरी कुठं विसरता येतंय?"

"अन् ओवीला असं तोडू नका माझ्यापासून. मी हात जोडते."

"तोडायलाच आलो होतो आज," त्यानं नाक पुसलं. "सांगायला आलो होतो, की आता परत तोंड बघायचं नाही म्हणून. पण ती ऐकती का? मी पण येते म्हणून टेम्पोत चढून बसली. म्हटलं, बस, पण खाली उतरायचं नाही."

"म्हणजे?" प्रयागताई ताडकन उठल्या. "ओवी बाहेरे? मघापासून?"

"टेम्पोत हाये."

"एवढ्या उन्हात? पत्र्याच्या टेम्पोत?" त्यांचा आवाज आता मोंढ्याच्या पार टोकापर्यंत गेला. "अहो, काही अक्कल आहे का तुम्हाला? पोर भाजून निघाली असेल माझी! चाचा, माठातलं पाणी घ्या!"

आणि प्रयागताई तशाच अनवाणी रस्त्यावर धावल्या.